बेचाळीस कबुतरे आणि चार घेणेकरी

मी, विल्फ्रेड जेम्स ऑर्मरॉड, वय वर्षे शहात्तर, बस डेपोतला निवृत्त मेकॅनिक, राहणार कोल्न, परगणा लँकेशायर, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझी पत्नी शीला हिचे याबाबत वेगळे मत आहे, पण ते गेली एकावन्न वर्षे आहे, तेव्हा ते विचारात घेऊ नये.

याआधी मी मृत्युपत्र केले नाही, कारण द्यायला माझे असे काही नव्हते. हे घर आईकडून माझ्या एकट्याच्या नावावर आले. मी मध्येच गेलो असतो तर घेणेकऱ्यांचे आधी भागवावे लागले असते, आणि त्यासाठी शीलाला घर विकावे लागले असते. तेवढ्यासाठी मी गेली काही वर्षे रस्ता ओलांडताना चार-चारदा इकडे-तिकडे बघत आलो. गेल्या शुक्रवारी शेवटचा हप्ता गेला. आज सोमवार. आता जे आहे ते माझे आहे, आणि ते वाटून टाकायला मला भारी मजा येत आहे.

कलम एक, कर्जाबद्दल. मुलगी अ‍ॅलिसन हिला अर्धीच हकीकत माहीत आहे, म्हणून लिहितो. डेपोने माझे काम निम्म्यावर आणले तेव्हा मी घरी सांगितले नाही. पगारातली तूट क्रेडिट कार्डावर भरत गेलो, एका कार्डाचे दुसऱ्यावर, असे करत चार कार्डे झाली आणि आकडा चौदा हजार तीनशे पाऊंडांवर गेला. तगाद्याची पत्रे मी परसातल्या कबुतरखान्यात, दाण्याच्या पेटीत लपवली. शीला तिकडे फिरकत नसे. शेवटी त्याच पेटीवर बसून मी कर्जबाजाऱ्यांना फुकट सल्ला देणाऱ्या एका संस्थेला फोन केला. बर्नाडेट नावाच्या बाईंनी सगळे ऐकून घेतले. महिन्याचा खर्च वजा जाऊन उरेल ते मी संस्थेला द्यायचे, संस्था ते ज्याच्या-त्याच्या रकमेप्रमाणे चौघांत वाटणार आणि व्याज थांबवा म्हणून त्यांना विनवणार, असा बेत ठरला. खर्चाच्या तक्त्यात पाळीव प्राण्यांचा रकाना होता. किती आहेत, असे बाईंनी विचारले. बेचाळीस, असे मी सांगितले. बाईंनी आकडा पुन्हा विचारला.

"शर्यतीची कबुतरं आहेत," मी म्हटले.

"ऑर्मरॉडसाहेब, एका कुत्र्याच्या खाण्याला कुणी हरकत घेत नाही. पण बेचाळीस तोंडांचं मी या लोकांना काय सांगू?"

घासाघीस होऊन बावीसवर जमले. वीस पक्षी मी आमच्या कबुतरांच्या क्लबातल्या नवख्यांना देऊन टाकले आणि त्या दिवशी कबुतरखान्यात बसून रडलो. बाईंना काही द्यावे अशी फार इच्छा आहे, पण संस्थेच्या नियमाने त्यांना भेट घेता येत नाही. म्हणून एका मादीचे नाव बर्नाडेट ठेवले आहे. ती आजवर प्रत्येक शर्यतीत शेवटची आली आहे. हे बाईंना कळवू नये.

कलम दोन, श्री. डग्लस गारसाइड यांच्याबद्दल. तिघे घेणेकरी ऐकले. चौथी कंपनी व्याज थांबवीना, आणि तिचे वसुलीवाले गारसाइड दर शनिवारी दुपारी फोन करीत, नेमके पक्षी घरी परतायच्या वेळेला. एका शनिवारी ते स्वतःच परसदारी येऊन उभे राहिले. बाईंनी मला पढवले होते की हा कोर्टाचा माणूस नव्हे, याला घरात घेणे बंधनकारक नाही. मी ते पाठ केलेले वाक्य म्हटले. एवढ्यात छपरावर ग्रेसी दिसली. माझी निळी मादी, शर्यतीसाठी फ्रान्सहून सोडलेली. आणि या गृहस्थाच्या अंगातला पांढरा रेनकोट वाऱ्यावर फडफडत होता. असे काही परसात दिसले की पक्षी उतरत नाही, छपरावर बसून राहतो, आणि तो कबुतरखान्यात शिरेपर्यंत वेळ धरली जात नसल्याने जिंकलेली शर्यत हातची जाते.

"साहेब, त्या पिंपामागे बसा," मी म्हटले, "आणि मी सांगेपर्यंत हलू नका."

का कोण जाणे, पण ते बसले. माझ्या कोबीच्या वाफ्यात, रिमझिम पावसात, हातातली फाइल पोटाशी धरून वीस मिनिटे. ग्रेसी उतरली आणि उशीर होऊनही क्लबात पहिली आली. पिंपामागून टाळ्या ऐकू आल्या. पुढच्या आठवड्यात त्या कंपनीने व्याज थांबवल्याचे पत्र आले. कोणी थांबवले ते मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

कलम तीन, नॉर्मन बिकरस्टाफ याच्याबद्दल. पुढे त्याच कंपनीने कळवले की एकरकमी नऊशे पाऊंड द्या आणि मोकळे व्हा. मी बाईंना न विचारता ग्रेसी क्लबातल्या या नॉर्मनला नऊशेला विकली. बाई चांगल्याच चिडल्या. एकाला वेगळे दिले की बाकीचे तिघे हात पुढे करतात, आणि तसेच झाले. त्यांना गप्प करायला बाईंना दोन महिने लागले. इकडे नॉर्मनने ग्रेसीला तिसऱ्याच आठवड्यात मोकळे सोडले. दुसऱ्याच्या घरी वाढलेला पक्षी विकत घेतला की त्याला कायम आत ठेवून फक्त पिल्ले घ्यायची, हे आमच्यातले शेंबडे पोरही जाणते. पण नॉर्मनला वाटले, आपल्याकडे आलेला पक्षी जातोच कसा. ती चाळीस मिनिटांत माझ्या छपरावर. मी नेऊन दिली, ती आली. पुन्हा नेऊन दिली, पुन्हा आली. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "राहू दे तुझ्याकडेच. पैसे मागत नाही." आणि मग क्लबभर सांगत सुटला की विल्फला पैशांची फार चणचण आहे. यासाठी त्याला माझ्याकडून काहीही मिळू नये. कायद्याप्रमाणे साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, म्हणून मी मुद्दाम त्यालाच साक्षीदार केले आहे.

तरी त्याचे उपकार आहेत, कारण त्याची बडबड मासे-चिप्सच्या दुकानात शीलाच्या कानावर गेली. तिने पुडा टेबलावर ठेवला आणि विचारले, "ग्रेसी का विकलीस?" चिप्स गार होईपर्यंत मी सगळे सांगून टाकले. ती म्हणाली, "मला आधी सांगितलं असतंस तर मी आठवडाभर तुझ्याशी बोलले नसते. एवढंच झालं असतं, विल्फ. त्यासाठी तू दोन वर्षं एकटा घाबरत बसलास?" मग ती खरोखरच आठवडाभर बोलली नाही. आठव्या दिवशी म्हणाली, आण ती पत्रं.

तेव्हापासून कंपन्यांचे फोन तीच घेई. या महिन्याचा हप्ता भरलेला आहे, पुढचा पाच तारखेला पोहोचेल, आता आमची जेवायची वेळ आहे, एवढे शाळेतल्या तिसरीच्या वर्गाच्या बाईंसारखे सांगून फोन ठेवून देई. मोठमोठे वसुलीवाले तिला सॉरी मॅडम म्हणत. शनिवारच्या बाजारात ती आल्याचा केक विकायला बसू लागली आणि ते पैसे हप्त्यात घालू लागली. त्यामुळे आम्ही ठरल्या वेळेच्या दीड वर्ष आधी सुटलो. माझ्या बायकोसारखी बायको अख्ख्या परगण्यात नाही, हे मी तोंडाने कधी म्हटलेले नाही, म्हणून इथे लेखी देतो.

कलम चार. माझी हत्यारे, शर्यतीचे घड्याळ आणि बँकेतले दोनशे बारा पाऊंड अ‍ॅलिसनला. पक्षी क्लबाला. ग्रेसी आता म्हातारी आहे, तिला कुठेही नेऊ नये, ती परत येईल आणि उगीच दमेल.

कलम पाच. कोल्न येथील राहते घर, परसासह, कोणाचाही बोजा, हक्क वा दावा नसलेले, माझी पत्नी शीला ऑर्मरॉड हिला संपूर्ण मालकीने. हे वाक्य लिहिण्याजोगे व्हायला मला नऊ वर्षे लागली, तरी कोणी ते घाईने वाचू नये.

दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करीत आहे. दोघांना चहा दिला आहे.

विल्फ्रेड जे. ऑर्मरॉड
कोल्न, सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

साक्षीदार पहिला: नॉर्मन बिकरस्टाफ. सही माझी. कलम तीन मला मान्य नाही. ती पन्नास मिनिटांत गेली होती.

साक्षीदार दुसरा: डग्लस गारसाइड, वसुली अधिकारी (निवृत्त). मी पंचवीस वर्षे लोकांच्या दारावर गेलो. या घराकडून मला किंवा कोणालाही काही येणे नाही, हे मी पहिल्यांदाच आणि अत्यंत आनंदाने लिहून देतो.