बाबांच्या डोक्यावर शेव्हीची टोपी

टॅलाडेगा, अलाबामा
रविवार संध्याकाळ

लोरेटाताई,

तुझ्या धाकट्या भावाचा, व्हर्लनचा, नमस्कार. आम्ही दोघं ठीक आहोत. बाबा दुपारी पोटभर जेवले, औषधंही कुरकुर न करता घेतली. रॉइस भावोजींची पाठ आता कशी आहे?

आज बाबांना शर्यतीला नेलं होतं. आधी मोटार कंपन्यांचे तंबू बघत हिंडलो. शेव्हीच्या तंबूतली मुलगी फुकट टोप्या वाटत होती. मी बाबांना पुढे नेणार, तोच त्यांनी तिच्यासमोर डोकं वाकवलं. चाळीस वर्षं फोर्डशिवाय दुसऱ्या गाडीचं नाव न घेतलेले आपले बाबा! भावोजी शेव्ही चालवतात म्हणून तुझ्या लग्नाला न आलेले बाबा! "छान बसली की गं," म्हणाले आणि गाडीच्या काचेत बघून हसले.

तेवढ्यात त्यांचे जुने दोस्त हार्लनकाका भेटले. "काय रे ड्वेन, फितूर झालास?" असं ओरडले. बाबा त्यांच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसे बघत राहिले. मग मी हार्लनकाकांना बाजूला घेऊन बाबांच्या विसरण्याबद्दल सगळं सांगितलं.

शर्यत शेव्हीने जिंकली. बाबांनी टाळ्या वाजवल्या आणि हळूच मला विचारलं, "आपण कुणाच्या बाजूचे रे?"

"मी तुमच्या बाजूचा, बाबा."

ताई, भावोजींना घेऊन लवकर ये. आता बाबा त्यांना दारातून परत पाठवणार नाहीत. तुझं नाव अजून आठवतं त्यांना.

तुझा,
व्हर्लन