कोंड्याचं दुसरं घमेलं

बाबा, आज गिरणीत मक्याच्या कोंड्याची पोती उतरवली आणि तुम्हाला लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. मी आता घाटंजीला कोंबडीखाद्याच्या गिरणीत मिश्रणाचं काम बघतो. इथे सगळं काट्यावर तोलून घेतात. आपल्या कोंबड्यांच्या शेडवर तुम्ही घमेल्याने मोजायचात. मका महागला तेव्हा चार घमेली मक्यातलं एक काढून त्या जागी स्टार्च कारखान्यातला कोंडा घालायचं तुम्ही ठरवलंत. मी दोन्ही तोलून पाहिले. कोंड्याचं घमेलं मक्याच्या निम्मंही भरेना. मी म्हणालो, "बाबा, घमेल्याले घमेलं नाही चालत. कोंड्यात चोथाच जास्त असते, कोंबडीले तो पचत नाही. पोट भरते, वजन नाही भरत."

"आठवी नापास मले खुराक शिकवून राह्यला बे!" तुम्ही ओंजळभर कोंडा माझ्या तोंडापुढे धरलात. "खा. खाऊन सांग किती ताकद हाय त्याच्यात."

मी खातो आहे. कोंडा टाळूला चिकटतो, गिळवत नाही. शेडवरचे दोन्ही मजूर काम सोडून बघतात. एक म्हणतो, "मालक, उद्या अंडं देते हा!" सगळ्यांत जोरात तुम्ही हसता.

दुसऱ्या दिवसापासून मी मक्याची एकाऐवजी दोन घमेली काढू लागलो आणि कोंड्याची दोन घालू लागलो. कुणाला कळू नये म्हणून फावड्याने नीट कालवायचो. पिल्लं सारखी खात होती आणि तरी छातीचं हाड बोटाला लागत होतं. मी रोज एखादं उचलून चाचपून बघायचो. मला त्यांची कीव आली नाही.

व्यापारी माल उचलायला आला. त्याने एक कोंबडी पायाला धरून वर केली. "भाऊ, हे कोंबडं हाय का कावळा?" गाडी रिकामीच वळवली. तुम्ही जाळी धरून उभे होतात. मग त्याच मजुरांसमोर म्हणालात, "पोट्ट्यानं सांगतलं होतं. म्याच नाही ऐकलं. माह्यंच चुकलं." मी फावडं उचलून परत खुराक कालवायला लागलो. त्यानंतर तुम्ही खुराकाला हात लावला नाही. पाण्याची भांडी घासायचात, आणि कोंबड्यांखालचं साधं तूस बदलायचं झालं तरी मला विचारायचात. त्याच हिवाळ्यात गेलात.

आता मला हे गणित येतं. तुमच्या एका घमेल्याने कोंबड्या थोड्या हलक्या भरल्या असत्या, पण माल गेला असता. तुमचं चुकलं होतं ते तेवढंच.

आई अजून पाहुण्यांना सांगते, "जाता जाता बापानं लेकाले मानलं." ती माझे कागद चाळते, म्हणून हा लिहून झाला की फाडणार आहे. तिला वाईट वाटेल हे कारण नाही. तिने ते सांगावं आणि मी शेजारी बसून ऐकावं, हे मला अजून हवं आहे.