जड डबा

लेम्हाय, आयडाहो
बुधवार, १२ सप्टेंबर १९७९

प्रिय ऑरिनकाका,

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. "पोरी, तुझ्या बापाच्या गोळ्या शंभर यार्डांवर जेवणाच्या ताटाएवढ्या पसरतायत. बंदूक तीच, खांदा तोच. काय बिघडलंय ते शनिवारच्या नेमबाजीच्या सामन्याआधी कळव." एवढ्या विश्वासानं विचारलंत, तर नीट उत्तर द्यायला हवं.

आधी बंदुकीच्या नळीत उजेड धरून बघा. आत शिशाचे करडे ओरखडे दिसले, तर गोळी सैल पडतेय; ती नळीपेक्षा केसभर जाडच हवी. मग गोळीचं बूड बघा. त्याची कड एका बाजूनं बोथट असेल, तर गोळी सुटतानाच कलते. शिसं पुरेसं तापलं नसेल तर अंगावर सुरकुत्या येतात. पण या गोळ्या बाबांनी ओतलेल्या, दिसायला गुळगुळीत. म्हणून त्या वजनकाट्यावर टाका. एकेक करून.

हे मी आठव्या वर्षी शिकले. बाबा गॅरेजवाल्यांकडून चाकांना लावायची शिशाची वजनं आणायचे, शेडमध्ये वितळवून साच्यात ओतायचे आणि तोलायला मला बसवायचे. वजनात हलकी, म्हणजे पोटात हवेचा बुडबुडा. "वरून चकचकीत आहे म्हणून सोडू नकोस हं, तुझ्या काकासारखी आहे ती," असं म्हणून हसायचे. माझं समाधान व्हायचं नाही. पास झालेल्याही मी पुन्हा तोलायचे.

एप्रिलमध्ये बाबांना पुरून आलो त्या दुपारी लोक बटाट्याचं कॅसरोल वाढून घेत होते आणि तुम्ही शेडमध्ये शिरलात. साचा घेतलात. मांडणीवरचे, गोळ्या ठेवलेले कॉफीचे दोन डबे हातात तोललेत आणि जड तो उचललात. "भावाचं भावाकडे. तुला काय करायचाय गं साचा, केक भाजणारेस त्यात?" नेमबाजी क्लबातली मंडळी हसली. विजेत्यांच्या पाटीवर यंदा बाबांच्या नावाखाली तुमचंच नाव लागणार, हेही तिथंच सांगून टाकलंत. मी दारात उभी होते. बाजूला सरून तुम्हाला वाट करून दिली.

जड डबा नापास गोळ्यांचा होता, काका. चांगल्या गोळ्या आमच्याकडे कधी साठल्याच नाहीत, त्या झाडून संपायच्या. साठायच्या त्या परत वितळवायच्या. हलक्या डब्यात बाबांच्या शेवटच्या चाळीस होत्या. त्या आता अंड्यांच्या खोक्यात आहेत. मी तीनदा तोलल्यात. सामन्यात मीही नाव दिलंय. या पत्रात एक अक्षर खोटं नाही, पुन्हा वाचून खात्री केलीय. फक्त ते टपालात टाकेन शनिवारी सकाळी, मैदानावर जाताना. तुमच्याकडे सोमवारी पोहोचतं, पोस्टात विचारून घेतलंय. मी जिंकेनच असं लिहीत नाही, ते खोटं ठरू शकतं. तुम्ही जिंकणार नाही, एवढं मात्र तोलून लिहितेय.

तुमच्या भावाचीच लेक,
ट्वाइला