चौदा वेळा दगावलेला पेशंट

तीर्थस्वरूप निंबा नानांच्या चरणी डिंपलचा वाकून नमस्कार. तुमची प्रकृती कशी आहे हे विचारत नाही, धुरपदा काकूंनी सगळं सांगितलं (परवा शेवभाजीनंतर पुन्हा कळ आली आणि तुम्ही ती गॅसवर ढकललीत). पित्ताशयात खडे आहेत हे कळून वर्ष झालं, आणि आता तुम्ही माझा फोनही उचलत नाही. म्हणून केळीच्या गाडीवाल्या अमृतभाऊंजवळ हे पत्र देते आहे.

दुर्बिणीचं ऑपरेशन आम्ही आधी यंत्रावर शिकतो हे ऐकून तुम्ही अख्ख्या चोपडा गावात सांगत सुटलात की पुतणी जळगावला गेम खेळते, आणि वर, "हाई मन्हं पोट शे, खेळणं नही." तर ऐका. डोळ्यांवर भलामोठा चष्मा चढवला की समोर हुबेहूब ऑपरेशन थिएटर उभं राहतं (पहिल्या दिवशी मी त्यातल्या टेबलाला टेकायला गेले आणि फरशीवर आपटले, टेबल नव्हतंच). हातात दोन लांब चिमटे. हात उजवीकडे नेला की टोक जातं डावीकडे. पेशंटचं नाव घातल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही, म्हणून मी दर वेळी एकच नाव घातलं आणि तो बिचारा माझ्या हातून चौदा वेळा दगावला. आमचे पंडित सर म्हणाले, इतक्यांदा मेलेला माणूस या जिल्ह्यात दुसरा नसेल.

पंधराव्या वेळी मला आपला केळीचा मळा आठवला. आठवीत असताना मी घाईने विळा चालवला, अख्खा घड मातीत गेला आणि तुम्ही केवढे ओरडलात! तुमचा नियम एकच: घड खांद्यावर आल्याशिवाय दांड्याला विळा लावायचा नाही. नाना, माझा डावा हात इतके दिवस पाहुण्यासारखा नुसता बसून होता. त्या हाताने पित्ताशय धरून वर उचललं, ताण दिला, नळी स्वच्छ दिसली, चाप लावले आणि मग उजव्याने कापली. रक्ताचा थेंब नाही. तेव्हापासून लागोपाठ बावीस वेळा तोच पेशंट ठणठणीत घरी गेला. बॅचमध्ये मी पहिली आले, आणि कधी कुणाला बरं न म्हणणाऱ्या सरांनी पेढे मागवले.

काकूंना नमस्कार.

तुमची,
डॉ. डिंपल (गेमवाली)

ता. क. : पहिलं खरं ऑपरेशन सर मला देणार आहेत, स्वतः शेजारी उभे राहून. गुरुवारची तारीख घेतली आहे. बुधवारी रात्री दहानंतर तुमच्या पोटात काही जाता कामा नये.

ता. क. २ : यंत्रात नाव तुमचंच घातलं होतं. चौदाही वेळा मी बाथरूममध्ये जाऊन रडले, नाना. काकूंना फक्त बावीसचं सांगा.