काठाशी सुटलेले सात बास मासे

५ मार्च

ती. दादास,
सा. न. आणि विनंती विशेष अशी, की हे पत्र एकट्यानेच वाच.

बाबांचं काहीतरी गौडबंगाल आहे. गेल्या महिन्याभरात गळाला लागलेले सात बास मासे त्यांनी तलावाच्या काठाशी गमावले. सात! मासा उसळला की काठी खाली, दोरी ताठ, असं लहानपणी आपल्या कानीकपाळी ओरडणारे हेच ना? विचारलं तर म्हणतात, औषधवाल्याने हातजाळं घाईने मारलं. तीस वर्षं त्यांच्यासाठी जाळं धरणारे औषधवाले काका आताच कसे घाई करायला लागले? शिवाय बाबांनी दुकानात लेडीज घड्याळं दुरुस्तीला घेणं बंद केलंय. कारण विचारलं की रेडिओ मोठा करतात.

लोभ आहेच, उत्तर तेवढं लवकर पाठव.
तुझी चिमणी

११ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

मला संशय औषधवाल्या काकांचाच. बुद्धिबळात दर रविवारी बाबांकडून हरतात, त्याचं उट्टं काढत असतील. जाळं आधीच पाण्यात बुडवून ठेवायचं आणि दमलेला मासा त्यावर ओढून आणायचा, हे त्यांना नव्याने शिकवायचं का? तू गुपचूप जाऊन बघ. बाबांची तब्येत बिघडली असेल तर मात्र दुकानाला कुलूप लावून त्यांना इकडे आणतो. त्यांचं काही ऐकणार नाही.

जपून राहा.
दादा

१८ मार्च

ती. दादास सा. न.

झाडाआड उभी राहून पाहिलं. चांगला हातभर बास होता. बाबांनी त्याला छान दमवला, पण शेवटच्या उसळीला दोरी सैल पडली. डाव्या हाताची बोटं दोरी गुंडाळायच्या रिळाच्या हँडलवरून नुसती घसरत होती. मासा तेव्हाच सुटला, दादा. त्यानंतर काकांनी रिकाम्या पाण्यात जाळं मारलं. मुद्दाम! बाबा त्यांना धांदरट म्हणाले आणि ते मान खाली घालून ऐकत राहिले. मला माझीच लाज वाटली.

काकांचं हे नाटक बाबांना बहुतेक कळलेलंच नाही. तू डॉक्टरांची वेळ घे. दुकानाचं एवढ्यात बोलू नकोस, ते गेलं तर बाबा खचतील.

तुझी चिमणी

२२ मार्च

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझी बहीण पिवळी छत्री घेऊन झाडाआड लपली होती, म्हणजे बातमी तुला पोचली असणारच. तीन महिने बोटं बधिर आहेत. लेडीज घड्याळातला बारीक स्क्रू बोटांना लागेना तेव्हाच उमजलं. तुम्ही कुलूप लावाल या भीतीने बोललो नाही. डॉक्टरांकडे येतो, दुकानाचं त्यांना विचारून ठरवू.

अट एकच. औषधवाल्याचं जाळं मासा सुटल्यावर पडतं, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. माझे डोळे शाबूत आहेत. पण मी ओरडलो नाही तर मला कळलंय हे त्याला कळेल, आणि तो घरी जाऊन रडत बसेल. म्हणून त्याच्याकडे कोणी चकार शब्द काढायचा नाही.

उद्या त्याला सांगणार आहे, की तुला जाळं जमत नाही, काठी तू धर, जाळं माझ्याकडे दे. उजवा हात अजून पक्का आहे. तरीही मासा सुटला, तर ओरडायची पाळी त्याची. तीस वर्षांचं साठलंय, मनसोक्त ओरडू दे.

लोभ असू द्या, हेरगिरी पुरे.
तुझे बाबा