राऊटरातल्या अक्षता

ती. आक्कास,

आचोळ्याहून हंसाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे तो खुर्चीत बसूनच केला आहे, गोड मानून घे.) तुझी कंबर कशी आहे? बोळिंजला पाणी वेळेवर येतं ना? फोनवर हे बोलता येत नाही, ऋतिका ऐकते, म्हणून पत्र.

पोरीची नोकरी घरूनच चालते, तुला ठाऊक आहे. तिने बजावलं होतं, "आई, मीटिंगमध्ये पुन्हा नेट गेलं तर मी अंधेरीला खोली घेईन." म्हणून दसऱ्याला शिलाई मशीन, मिक्सर आणि ह्यांच्या स्कूटरबरोबर राऊटरचीही मनोभावे पूजा केली. लेक घरात राहते ती त्याच्या जिवावर, तेव्हा त्याला अक्षता चिमूटभर जास्तच. संध्याकाळी त्याचे दिवे गेले.

खालच्या मजल्यावरचा फेबियन बघायला आला. ॲडॅप्टर जळला म्हणाला. (नवा कशाला?) देवघरात दिवसभर मंत्र म्हणणाऱ्या जपाच्या डबीचा काढून लावला, नेमका जुळला. देव मुके झाले, पण नेट आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा अडखळू लागलं, कारण एक अँटेना मोडलेली. (पुसताना मी मोडली असं हे म्हणतात, मी फक्त सरळ केली.) फेबियनने आपल्या बंद राऊटरची बसवली. आता एक पांढरी, एक काळी. दोन पायांत दोन चपला घालून लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा दिसतो मेला. तरी नेट नाहीच. शेवटी झाकण उघडलं, तर आत कुंकवाच्या अक्षता आणि त्यांवर लाल मुंग्यांची पंगत! "काकी, हा राऊटर हाय का सत्यनारायण?" फेबियन म्हणाला. सणासुदीला मुंग्या मारायचं जिवावर आलं, म्हणून त्या बाहेर निघाव्यात या आशेने शेजारी साखर ठेवली. आक्का, त्यांनी साखर आत नेली. आतली सर्किटची पट्टीही गेली. आता बदलायचं फक्त झाकण उरलंय.

तुझी धाकटी,
हंसा

ता. क. तुमच्या जितेंद्रचा जुना राऊटर माळ्यावर पडून आहे ना? सोमवारच्या आत पाठव. ऋतिकाला कळू देऊ नकोस.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवता चिकटवता पोरीकडूनच कळलं. इतके दिवस ऋतिका फोनच्या नेटवर काम करते आहे, एकही मीटिंग बुडाली नाही. खोली तिने गणपतीतच ठरवली होती, सांगायचा धीर होत नव्हता. राऊटर तरीही पाठव, तिला खोलीवर लागेल. (पूजा करायची नाही, अशी तिने शपथ घातली आहे.) ॲडॅप्टर मी जपाच्या डबीला परत लावला. घरात कुणीतरी बोलायला हवं.