करंट खाणारा कपॅसिटर

सोमवार, ३ तारीख
मुक्काम ताईकडे, अंडी उबवायच्या खोलीत. वीज गेली की अंड्यांची पेटी गरम ठेवायला फेरोरेझोनंट इन्व्हर्टर आहे. नाव मोठं, काम भिकार. दिवसभर घूं घूं करतो, तापतो, जळक्या वार्निशचा वास सोडतो. शी! ह्याच्याशेजारी माणसानं जेवायचं? ठरलं. ह्याची एफिशियन्सी सुधारायचीच. (माझा इलेक्ट्रिशियनचा कोर्स अर्धवट राहिला तो वर्गाला माझा वेग झेपेना म्हणून.)

मंगळवार
सुधारणा उद्यापासून. समोरच्या गॅरेजमध्ये एक इंजिन उघडलं होतं, ते बघण्यात दिवस गेला. हेही शिक्षणच.

गुरुवार
झाकण काढलं. आत झुरळांची वसाहत. एक जाडजूड कपॅसिटर सापडला. नुसता बसून करंट खातो, भावोजींसारखा. काढून टाकला. घूं घूं बंद! छोटा बल्ब लावून पाहिला, झकास पेटला. ताई म्हणाली, अरे, माझी पहिलीच बॅच आहे, काही बिघडलं तर बघ. भावोजी म्हणाले, साहेबांनी उघडलेलं आजवर काय बंद झालंय? ह्या घरात कदर म्हणून नाही.

रविवार
ताई-भावोजी आजारी आत्याकडे. पेटीवर लक्ष ठेव, ताई दहादा म्हणाली. सकाळीच वीज गेली. इन्व्हर्टर गप्प, गार, वासही नाही. पूर्वी एवढ्या वेळात बॅटरी मान टाकायला यायची. आज दिवे लागायची वेळ झाली तरी जवळजवळ भरलेली! पेटीच्या तापमानाचा काटा बराच खाली आलाय. काटाही भंगारच. इथलं एक यंत्र भरवशाचं नाही.

सोमवार, १० तारीख
ताई आली. पेटीत हात घातला तो तसाच राहिला. म्हणाली, गार पडलीत रे. मी बॅटरी कशी वाचली ते समजावलं. भावोजी म्हणाले, कपॅसिटर काढल्यावर छोटा बल्ब पेटतो, पेटी तापत नाही; मग आता बॅटरीतून पिल्लं काढ. हलकट विनोद. ताईनं एकेक अंडं टॉर्चसमोर धरून आत जीव आहे का पाहिलं आणि बहुतेक अंडी बादलीत ठेवली. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

बुधवार
खड्डा मलाच खणायला लावला. एक अंडं हातातच फुटलं. तीनदा साबण लावला, वास जात नाही.

गुरुवार
जगलेली थोडी अंडी ताईनं शेजारच्या काकूंच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. तिची बसायची पद्धत सुधारता येईल, मी सुचवलं. ताईनं दाराकडे बोट दाखवलं. आता माझं काम एवढंच : पाण्याची वाटी ठेवायची आणि कशालाही हात न लावता मागे फिरायचं.
वाटी ठेवली. कोंबडीनं हाताला चोच मारली.